मैनेला भेटून आलो

पहिला दिवस : पुणे ते लातूर, रात्रीची गाडी

मामांचा, म्हणजे मैनेला सांभाळणाऱ्यांचा, फोन नोव्हेंबरच्या शेवटी आला होता. "ताई, मैना खाईना झालीय. दात गेलेत समदे. ही थंडी निघंल का न्हाई, सांगता येत न्हाई. भेटायचं आसंल तर येळवशीला या."

मैना म्हणजे घोडी. 2006 ते 2010 अशी पाच वर्षं ती पुण्याच्या रेसकोर्सवर धावली. शर्यतीच्या छापील कार्डावर तिचं नाव वेगळं होतं, लांबलचक इंग्रजी. मालकांना विचारलेलं नाही, म्हणून ते इथं लिहीत नाही. पागेत सगळे तिला मैनाच म्हणायचे. 31 शर्यती, 4 वेळा पहिला नंबर. डर्बीच्या, म्हणजे सगळ्यात मानाच्या शर्यतीच्या, आसपासही ती कधी गेली नाही. पण पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला. पाऊस पडून ट्रॅक जड झाला, की ही घोडी शेवटच्या वळणावर बाहेरच्या अंगानं, मान खाली घालून अशी यायची की मी रेलिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. अजून आठवलं तरी तळहातांना तो ओला लोखंडी गारवा जाणवतो.

मी घोरपडीत वाढले. वडील दहा रुपयांपलीकडे कधी लावायचे नाहीत आणि मी तर आयुष्यात एक रुपयाही लावला नाही. आम्ही घोडे बघायला जायचो. शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात, तिथं कठड्याला टेकून उभं राहायचं आणि एकेकाचं अंग, चाल, कान बघायचे. तिथंच रिक्षावाले काका ओळखीचे झाले. त्यांच्या रिक्षात मीटरच्या वर गेली पंधरा-सोळा वर्षं मैनेचा फोटो आहे. आमच्यातली तिसरी म्हणजे एक मुलगी, कॉलेजात शिकते. मैना धावत होती तेव्हा ती बालवाडीतही नसेल. काकांच्या रिक्षात बसून तिनं विचारलं, "हा घोडा कोणाचा?" आणि तेव्हापासून ती आमच्यातली झाली.

एक गोष्ट मला कायम सलत आली आहे. घोडा धावतो तोवर हजारो लोक त्याच्या नावानं ओरडतात. कार्डावर त्याचं वय, रंग, आई-बाप, वजन सगळं छापलेलं असतं. मग एके दिवशी त्याची शीर दुखावते आणि पुढच्या कार्डात ते नाव नसतं. बस, एवढंच. कुणी काही सांगत नाही, कुणी विचारत नाही. रक्त चांगलं असेल तर घोडी पैदाशीसाठी स्टडफार्मवर जाते. नसेल तर रायडिंग स्कूल, वरातीचा घोडा, नाहीतर आणखी कुठं. मैनेच्या पुढच्या डाव्या पायाची शीर 2010 साली गेली. मी दोन शनिवार कार्ड चाळत बसले आणि तिसऱ्या शनिवारी घरी येऊन रडले. निरोप द्यायला जागाच नव्हती.

गाडीत मुलगी जपानच्या गोष्टी सांगत होती. तिथं कोची नावाच्या छोट्या रेसकोर्सवर हारू उरारा नावाची घोडी होती. ती 113 शर्यती धावली आणि 113 हरली. तरी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. 2004 च्या मार्चमध्ये युताका ताके हा तिथला सगळ्यात मोठा जॉकी तिच्यावर बसला, तेव्हा त्या एवढ्याशा रेसकोर्सवर 13 हजार माणसं जमली. अकरा घोड्यांत ती दहावी आली. लोक तिची हरलेली तिकिटं जपून गाडीत ठेवायचे. जपानी भाषेत तिकीट लागणं आणि गाडीचा धक्का लागणं याला एकच शब्द आहे म्हणे. हिचं तिकीट कधीच लागत नाही, मग आपली गाडीही कुठं लागणार नाही.

काका ताडकन उठून बसले. "आपल्याकडंही 'लागणं'च की! मग मी काय येडा होतो व्हय तिचा फोटो लावणारा? इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही रिक्षाला."

हारू उरारा सप्टेंबर 2025 मध्ये, 29 वर्षांची होऊन गेली. पोटशूळ उठला होता. मुलगी त्या दिवशी कॉलेजला गेली नव्हती. तिनं अजून एक सांगितलं. ओगुरी कॅप नावाच्या घोड्याची शेवटची शर्यत 23 डिसेंबर 1990 ला होती. नाकायामाच्या रेसकोर्सवर 1 लाख 77 हजार माणसं आली, तो संपला असं सगळे धरून चालले होते आणि तो जिंकला. सगळं मैदान त्याच्या नावाचा घोष करत राहिलं. निरोप असा असतो, ती म्हणाली. कुर्डुवाडीला चहा घेतला. नंतर कुणी फार बोललं नाही.

दुसरा दिवस : लातूर, अहमदपूर, माळेगाव

लातूरला उतरलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. स्टँडवर बसच्या टपापर्यंत भंडारा. त्या दिवशी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी होती. माळेगावच्या खंडोबाची यात्रा याच तिथीला सुरू होते, तेव्हा नांदेड रस्त्याची प्रत्येक गाडी यात्रेचीच होती. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या पडत आलेल्या, हरभरा गुडघ्याखाली.

मैनेचे मामा यात्रेतच भेटणार होते. मामा म्हणजे तिचे सईस, पागेत तिची निगा राखणारे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी पुण्या-मुंबईच्या पागांत काढली. घर अहमदपूर तालुक्यात. शर्यतीनंतर मैना काही वर्षं एका रायडिंग स्कूलमध्ये होती. तिथं तिच्या पाठीला खोगिरानं जखम झाली, ती चिघळली. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तिच्या मालकांकडं जाऊन एवढंच म्हटलं, की मला काही नको, ती घोडी द्या. मालकांनी एक रुपया आणि नारळ घेऊन कागद केला. मामांनी तिला टेम्पोतून गावी आणलं. वाटेत तीनदा उतरवून पाणी पाजलं.

माळेगावची यात्रा मी ऐकून होते, पण घोड्यांचा बाजार बघितला नव्हता. माळरानावर नजर जाईल तिथवर दावणी. घोडे, गाढवं, उंट. लाल कंधारी बैलांच्या रांगा, तांबूस, जणू भाजलेल्या मातीचे. मारवाडी, काठेवाडी घोडे कानांची टोकं जुळवून उभे. माणसं घोड्याभोवती फिरून अंगावरचे केसांचे भोवरे मोजत होती. गळ्याखाली देवमण हा शुभ भोवरा आहे का, पंचकल्याणी आहे का, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं. अबलख, कुमैत, मुश्की, नुकरा हे घोड्यांच्या रंगांचे शब्द मी पुस्तकात वाचले होते. इथं ते दहा-बारा वर्षांची पोरं सहज बोलत होती.

मामा एका गोंडेवाल्यापाशी सापडले. मैनेसाठी नवी म्होरकी घेत होते, लाल-पिवळी, घुंगरं लावलेली. त्यांनी दोनदा घासाघीस केली आणि तिसऱ्यांदा मागितले तेवढे पैसे देऊन टाकले. "तिला काय रोज रोज घेणार हाय?" म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

दुपारी देवस्वारी निघाली. 'येळकोट येळकोट जय मल्हार' सुरू झालं, भंडारा उधळला गेला आणि मिनिटभर समोरचं काही दिसेना. त्या पिवळ्या धुरळ्यात शेजारच्या एका घोडीनं मान झाडली, तिच्या आयाळीतून भंडारा सांडला. मामा म्हणाले, मणी दैत्यानं मरताना देवाला स्वतःचा पांढरा घोडा दिला, म्हणून देव घोड्यावर बसतो. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण आपण मरताना आपला घोडा चांगल्या हाती सोपवून जाणं, ही त्यातली बाजू मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मामांच्या ओळखीचे एक आजोबा तिथं होते, नव्वदीच्या पुढचे. हा सगळा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आजोबांचे वडील हैदराबादला मलकपेठच्या रेसकोर्सवर शर्यती बघून आलेले. आजोबांच्या चाबकाच्या मुठीला काळ्या केसांची वेणी गुंफलेली होती. त्यांच्या पहिल्या घोड्याच्या शेपटीची. घोडा गेला कधी, म्हणून विचारलं. "बहात्तरच्या दुष्काळात. चारा न्हवता." मग म्हणाले, "तेरा दिस मी कशावरबी बसलो न्हाई. पायीच हिंडलो." काकांनी चाबूक हातात घेऊन ती वेणी कपाळाला लावली.

रात्री मामांच्या गावी पोचलो. गोठ्यातून फुरफुर ऐकू आली. मुलगी मोबाईलचा उजेड घेऊन निघाली, तिला मामांनी थांबवलं. "आता न्हाई. उजेडाला बुजती. सकाळी बगा." मी गोधडीत पडून बराच वेळ ऐकत राहिले. मध्येच खूर आपटल्याचा आवाज, मग घुंगराचा. नवी म्होरकी त्यांनी रात्रीच घातली होती तर.

तिसरा दिवस : येळवस

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावास्या, वेळा अमावास्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा, मग जेवण. ज्वारी-बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. शेजारचा, वाटसरू, जो येईल तो जेवायला बसतो.

मैना सकाळी दिसली.

मी पंधरा वर्षं जिला डोळ्यांपुढं धरून होते ती घोडी ही नव्हती. कुमैत, तांबूस-तपकिरी अंगावर पांढरी लव आली होती. पाठ खाली झोळीसारखी गेलेली. डोळ्यांवर खळगे पडलेले, माझी मूठ मावेल एवढे. पाठीवर जुन्या जखमेचा बिनकेसांचा डाग. अंगावर गोधडी, जुन्या साड्यांची. मामींनी शिवलेली. समोर कडब्याची बारीक कुट्टी होती आणि ती एक घास घेऊन खूप वेळ चघळत होती. मग ओला गोळा तसाच तोंडातून खाली पडायचा. असे आठ-दहा गोळे जमिनीवर होते. दातच नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आता कानस मारूनही उपयोग नाही. मामा रोज हरभऱ्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा गुळाच्या पाण्यात भिजवून लापशी करतात, दिवसातून पाच वेळा. पहाटे तीनची एक धरून.

तिनं मला ओळखलं का? नाही ओळखलं. ओळखणार तरी कशी? मी कठड्यापलीकडच्या हजारांतली एक. पण मी हात पुढं केला तेव्हा तिनं तळहात हुंगला, गरम श्वास सोडला आणि ओठ हातावर ठेवून तशीच उभी राहिली. तिचा ओठ किती मऊ असतो हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला कधी हातच लावलेला नव्हता.

शेतावर निघालो. मामींच्या डोक्यावर आंबिलाचं मडकं, सूनबाईंच्या डोक्यावर टोपलं, मागं पोरं. मैना मामांच्या मागं, दाव्याशिवाय. ते थांबले की ती थांबायची. मैलभर वाटेला पाऊण तास लागला. एकेकाळी हे अंतर ती पावणेदोन मिनिटांत काटायची.

पूजा झाली. 'ओलगे ओलगे सालम पलगे' म्हणत आंबील शेतात शिंपडलं. मग मामींनी ताट घेऊन मैनेला ओवाळलं, तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर कुंकू लावलं आणि खिरीचं बोट तिच्या ओठाला. आजूबाजूच्या शेतांतून माणसं यायला लागली. मला वाटलं जेवायला आलीत. पण प्रत्येकजण आधी मैनेकडं जायचा. गावातल्या लेकरांचं जावळ काढलं की पहिलं तिच्यावर बसवायची रीत पडली होती. मामा तिला घेऊन आले तेव्हापासूनची. एक मिसरूड फुटलेला मुलगा म्हणाला, "म्या बी बसलोय, लई रडलो व्हतो म्हनं." आणि तिच्या मानेवर थाप मारून तो पटकन वळला. आम्ही समजत होतो की तिच्यावर जीव टाकणारे आम्ही तिघंच. इथं तर सगळं गाव होतं, आणि तिच्या 31 शर्यतींतली एकही त्यांनी बघितलेली नव्हती.

जेवणं झाल्यावर मामांनी मला खरारा दिला. मानेकडून मागं, केसांच्या दिशेनं, हाडावर दाब न देता. तास-दीड तास मी तिचं अंग घासत होते. ती डोळे मिटून मागचा एक पाय सैल सोडून उभी. खराऱ्यात अडकलेले केस मुलगी एकेक करून काढत होती आणि रुमालात ठेवत होती. जपानमध्ये लोक निवृत्त घोडे बघायला होक्काइदोच्या फार्मांवर जातात, पण हात लावायची, खाऊ घालायची बंदी असते बहुतेक ठिकाणी, हे तिनं हळूच सांगितलं. मग तिनं मैनेच्या मानेला गाल लावला.

मामांनी कोपीतून एक पुडकं आणलं. आत नाल होता. शर्यतीला घोड्याच्या पायात ॲल्युमिनियमचा नाल असतो, लोखंडाचा नव्हे. मी पहिल्यांदाच हातात घेतला. चमच्याएवढा हलका. पुढचं टोक झिजून कागदासारखं पातळ झालेलं, खिळ्यांच्या भोकांत अजून लाल माती. चौथ्या आणि शेवटच्या विजयाचा. काकांनी तो बराच वेळ धरून ठेवला, मग विचारलं, "मामा, हा मला द्याल का? रिक्षात लावीन."

मामांनी मान हलवली. "न्हाई देता येत भाऊ. तिच्यासंगं जाणार हाय ह्यो."

काका गप्प झाले. मग त्यांनी मुलीला विचारलं, त्या इंग्लंडातल्या घोड्याचं काय सांगत होतीस? तिनं पुन्हा सांगितलं. रेड रम. ग्रँड नॅशनल ही तिथली मोठी शर्यत तो 1973, 1974 आणि 1977 ला जिंकला. 1995 साली गेला, तेव्हा त्याला एंट्रीच्या रेसकोर्सवर शेवटच्या खांबापाशीच पुरलं. शर्यत जिथं संपते तिथं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि बांधावरच्या चिंचेकडं बोट केलं. "आमचा खांब त्यो."

दिवस कलायला लागला. अंधार पडला की कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात आणि मैना जाळाला घाबरते, म्हणून त्याआधीच तिला घरी न्यायचं होतं. निरोपाची वेळ अशी अचानक आली. मी ठरवून आलेलं काहीच बोलले नाही. तिच्या कपाळाला कपाळ लावलं. काकांनी पायातल्या चपला काढल्या, तिच्या दुखऱ्या पायाला, पुढच्या डाव्याला, हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "लई केलंस बाई."

ती मामांच्या मागं निघाली. घुंगरं वाजत होती. वळणावर ती बाहेरच्या अंगानं गेली. वाटेत दगड होता म्हणून असेल. पण काकांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं.

चौथा दिवस : नांदेड

परतीची गाडी नांदेडहून होती. सचखंड हुजूर साहिबला माथा टेकला. गुरू गोविंदसिंहजी 1708 मध्ये इथंच गेले. आताची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळातली, 1832 ते 1837 मधली. गुरूंच्या दिलबाग घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे इथं सांभाळतात. होळीच्या, दसऱ्याच्या हल्ल्यात, म्हणजे मिरवणुकीत, गुरूंचा घोडा सजवून पुढं नेतात आणि त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. ती जागा गुरूंची. तीनशेहून जास्त वर्षं एका घोड्याचं नाव लोकांच्या तोंडी राहिलंय. मुलगी लंगरात जेवताना कधी नव्हे ती गप्प होती. गाडीत तिनं रुमाल उघडून केस मोजले. सतरा होते. मला पाच दिले, काकांना सहा.

परत आल्यावर

30 डिसेंबरला सकाळी सातला मामांचा फोन. "ताई, मैना गेली. पहाटं तीनची लापशी घेऊन गेलो, तर आडवी व्हती. तरास न्हाई झाला." शर्यतीच्या घोड्यांचे वाढदिवस एकाच दिवशी धरतात, 1 जानेवारीला. दोन दिवसांनी तिला 23 वं लागलं असतं.

गावात कुणाचा तरी जेसीबी होता, त्यानं डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. चिंचेखाली आठ फूट खड्डा. मामींची गोधडी, नवी म्होरकी, भंडारा, आणि तो नाल. पोरांना शाळेतून सोडलं होतं.

पुढच्या रविवारी काका मला पेंटरकडं घेऊन गेले. रिक्षातला फोटो काढून त्यांनी नवीन काच बसवून घेतली होती, मागं ते सहा केस. खाली नाव आणि साल घालायचं होतं. कार्डावरचं इंग्रजी नाव काकांनी कागदावर लिहून आणलं होतं, ते त्यांनी खिशातच ठेवलं आणि तोंडानं 'मैना' सांगितलं. पेंटरनं ब्रश बुडवला, थांबला, फोटोकडं बघितलं.

"कै. लिहायचं का पुढं?"

"लिही," काका म्हणाले.